फी माफ केली, दिवस कोण देणार?



सरकारच्या हिशेबात शिकणारा माणूस एकाच प्रकारचा असतो. तो सतरा-अठरा वर्षांचा असतो. त्याचे गुणपत्रक ताजे असते, पाठीशी कमावता बाप असतो आणि घरी ताट वाढून वाट बघणारी आई असते. या मुलासाठी वसतिगृह आहे, शिष्यवृत्ती आहे, निर्वाह भत्ता आहे. पैसे किती मिळतात आणि केव्हा मिळतात हे भांडण वेगळे; निदान कागदावर ते आहेत. पण ताट वाढणाऱ्या त्या आईला सातवीत शाळा सोडावी लागली होती, आणि आज चाळिशीत ती म्हणाली की मला दहावीला बसायचे आहे, तर या हिशेबाच्या वहीत तिच्या नावाचे पानच नाही.

जिल्हा बैठकीपुढे मला एकच मुद्दा ठेवायचा आहे. मोठ्या वयात शिकायला निघालेल्या गरिबाला, आणि त्यातही घरातल्या म्हाताऱ्याला, आजाऱ्याला, लेकराला सांभाळणाऱ्या बाईला, फी अडवत नाही. तिला दिवस अडवतो. शिकायला गेले तर त्या दिवसाचा रोज बुडतो, आणि घरी अंथरुणावर पडलेल्या माणसाला पाणी द्यायला कोणी राहत नाही. सरकार फी माफ करते आणि स्वतःची पाठ थोपटून घेते. दिवसाचा प्रश्न कोणी उच्चारत नाही, कारण तो उच्चारला की त्याची किंमत मोजावी लागते.

दिवसाचा हिशेब

आपण शेतकरी आहोत. उत्पादनखर्च काढल्याशिवाय बोलायचे नाही अशी आपली शिस्त आहे. तीच शिस्त इथे लावू.

दोन एकर कोरडवाहू जमिनीची एक बाई धरा. नवरा हंगामात बाहेरगावी कामाला, सासू अंथरुणाला खिळलेली, धाकटा मुलगा पाचवीत. अशी बाई आपल्या प्रत्येक गावात आहे, म्हणून नाव लिहिण्याची गरज नाही. तिला बाहेरून दहावी करायची आहे. त्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरायचा. फॉर्मला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. शाळा माहेरच्या गावी. गेला एक दिवस, आणि मुख्याध्यापक जागेवर नसले तर दोन. दाखल्यावर नाव माहेरचे, आधार कार्डावर सासरचे. नाव एकाच बाईचे आहे हे सिद्ध करायला तालुक्याला जाऊन प्रतिज्ञापत्र करायचे. गेला आणखी एक दिवस. फॉर्म संगणकावर भरायचा, मग त्याची प्रत नेमून दिलेल्या शाळेत नेऊन द्यायची. पुढे तोंडी परीक्षा आणि प्रात्यक्षिके. पुढे लेखी परीक्षेचे नऊ पेपर. कागदाचे, तोंडीचे आणि लेखीचे मिळून सोळा-सतरा दिवस झाले. अजून ती काही शिकलेली नाही! बीजगणित आणि इंग्रजी कोणाकडून तरी समजून घ्यायला सहा महिने दर रविवारी कुठे जायचे म्हटले, तर आणखी चोवीस दिवस. एकूण चाळीस दिवस धरा.

२०२५-२६ सालासाठी केंद्र सरकारने महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर रोजाला ३१२ रुपये ठरवला होता. तोच दर लावला तर चाळीस दिवसांचे होतात १२,४८० रुपये. हा तिच्या दहावीचा खरा उत्पादनखर्च. परीक्षेची फी याच्यापुढे किरकोळ आहे. शिवाय या चाळीस दिवसांत सासूपाशी कोण बसणार याचा खर्च मी अजून धरलेलाच नाही, कारण त्याचा दर कोणत्याही सरकारी तक्त्यात छापलेला नाही.

आणि हे दिवस पडतात कधी? मंडळाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. त्याच वेळी हरभरा काढायचा, गहू काढायचा. नापास झाली तर पुरवणी परीक्षा जून-जुलैत, म्हणजे ऐन पेरणीत. ज्याने हे वेळापत्रक आखले त्याच्या घरी पेरणी होत नसावी. शाळेतल्या मुलांसाठी ते आखले, हे मान्य. पण मग मोठ्या माणसांसाठी वेगळे वेळापत्रक असावे हे कोणालाच का सुचू नये?

केंद्राच्या सांख्यिकी खात्याने २०२४ साली माणसे दिवसाचे चोवीस तास कशी घालवतात याची पाहणी केली. घरचे बिनमोल काम करणाऱ्या बायांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात, असे काम करणाऱ्या पुरुषांची ८८ मिनिटे. १५ ते ५९ वयाच्या बायांपैकी ४१ टक्के घरातल्या कोणाला तरी सांभाळतात आणि त्यात त्यांची रोजची १४० मिनिटे जातात. पुरुषांत हे काम करणारे २१.४ टक्के, आणि वेळ ७४ मिनिटे. २८९ आणि १४० एकत्र करा. ज्या बाईच्या वाट्याला दोन्ही कामे आली, तिची सात तासांची पाळी घराबाहेर पाऊल टाकण्याआधीच भरते. रानातली खुरपणी, वेचणी, दुसऱ्याच्या शेतातला रोज हे त्यानंतरचे. मग रात्री दहाला पुस्तक उघडायचे, आणि डोळा लागला की लोक म्हणणार, हिला शिकायची हौस नाही.

योजना आहेत, पण कोणासाठी?

सभेत हा विषय निघाला की कोणीतरी साहेब उठून योजनांची यादी वाचतात. तर ती यादी आपणच वाचू.

जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या, आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ केली. निर्णय चांगला आहे, आपल्या लेकींना त्याचा उपयोग होतो आहे. पण तो केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या मुलींसाठी आहे. ज्या बाईची अजून दहावीच व्हायची आहे, तिच्यापर्यंत तो पोचतच नाही.

डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाने वसतिगृह निर्वाह भत्त्याची योजना आहे. ती अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या पाल्यांसाठी. शब्द नीट वाचा: पाल्यांसाठी. अल्पभूधारकाचा मुलगा शिकेल हे सरकारला सुचले. स्वतः अल्पभूधारक शिकेल हे सुचले नाही.

बारावीच्या निकालावर केंद्र सरकार महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देते. तिची अट अशी की अभ्यासक्रम नियमित हवा. पत्राने किंवा दूरस्थ पद्धतीने शिकणारा तिला पात्र नाही. म्हणजे ज्याला घर सोडता येते त्याला पैसे, आणि ज्याला घर सोडता येत नाही म्हणूनच दूरस्थ शिकावे लागते त्याला नाही. २०२४ सालची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना घ्या. काम शिकता शिकता महिना सहा ते दहा हजार विद्यावेतन, पण वय १८ ते ३५. मुले हाताशी येईपर्यंत बाई पस्तिशीच्या पुढे गेलेली असते. तिचा वेळ मोकळा होतो तेव्हा योजनेचे दार बंद झालेले असते.

राहिली लाडकी बहीण. जुलै २०२४ पासून महिना १५०० रुपये. त्या पैशांना मी नावे ठेवणार नाही. तेल-मीठ आणि औषधपाणी त्यातून भागते हे मी घराघरांत पाहिले आहे. पण ते पैसे दिवस विकत घेऊन देत नाहीत. पंधराशे मिळाले म्हणून सासू स्वतः उठून जेवत नाही.

आणि जी योजना खास प्रौढांसाठी आहे, तिचे काय? नवभारत साक्षरता कार्यक्रम, ज्याला 'उल्लास' म्हणतात. २०२२ ते २०२७ या पाच वर्षांसाठी खर्च १,०३७ कोटी ९० लाख रुपये, उद्दिष्ट पाच कोटी प्रौढांचे. भागाकार पाटीवरच करा. माणशी २०७ रुपये आणि काही पैसे. एका माणसाला अक्षर, अंक, बँकेचा व्यवहार, फोनवरचा व्यवहार शिकवायला देशाने जेवढी तरतूद केली, ती रोजगार हमीच्या एका दिवसाच्या मजुरीहून कमी भरते. शिकवणारा स्वयंसेवक, त्याला मानधन नाही. शिकणारा मजूर, त्याला भत्ता नाही. दोघांचा दिवस फुकटात धरला की कोणतीही योजना स्वस्त पडते. आपल्या शेतमालाचे हिशेबही असेच स्वस्त पाडले गेले होते. घरच्या माणसांची मजुरी खर्चात धरायचीच नाही, ही युक्ती आपल्याला नवी नाही.

दुकानदारासाठी सुचले ते

सरकारला मोठ्या माणसाला शिकवता येत नाही असे मुळीच नाही. मी कृषी शाखेचा पदवीधर. खते-बियाणे-औषधांच्या दुकानदारांसाठी हैदराबादच्या 'मॅनेज' या केंद्रीय संस्थेने २००३ साली एक पदविका सुरू केली, ती आमच्या क्षेत्रातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. अभ्यासक्रम ४८ आठवड्यांचा, त्यात ४० वर्ग आणि ८ शेतभेटी. वर्ग आठवड्यातून एकच दिवस, तोही रविवारी किंवा गावच्या बाजाराच्या सुटीच्या दिवशी. का? दुकान बंद पडू नये म्हणून. २०१५-१६ पासून केंद्राने या अभ्यासक्रमाला योजनेचे रूप दिले आणि दुकानदाराची निम्मी फी स्वतः भरायला घेतली.

मला या अभ्यासक्रमाबद्दल तक्रार नाही. दुकानदार शहाणा झाला तर शेतकऱ्याच्या माथी चुकीचे औषध कमी मारले जाईल. पण धडा नीट घ्या. शिकणारा मोठा आहे, त्याला धंदा आहे, त्याचा दिवस बुडता कामा नये, फीचा भार अर्धा उचलला पाहिजे, हे सगळे सरकारी अधिकाऱ्यांना बरोबर कळले. दुकानदाराचे दुकान त्यांना दिसले. बाईचे घर, गोठा आणि अंथरुणावरचा रुग्ण हेही एक दुकानच आहे, आणि ते रविवारीही बंद ठेवता येत नाही, हे त्यांना दिसले नाही.

चाळिशीत शिकून काय करणार?

हा प्रश्न साहेबांपेक्षा आपल्या पारावरच जास्त ऐकू येतो. उत्तर द्यायला हवे.

एक. गावात राहून घरची माणसे सांभाळत करता येण्यासारखी पगारी कामे बोटावर मोजण्याइतकी. त्यातले अंगणवाडीचे काम. २०२३ पासून महाराष्ट्रात अंगणवाडी सेविका आणि मदतनीस या दोन्ही पदांना किमान बारावी लागते, वय १८ ते ३५, विधवेला ४० पर्यंत. अट वाढवली तेव्हा जुन्या दहावी झालेल्या बायांना बारावी करता यावी म्हणून काय दिले? शिडीची वरची पायरी उंच केली आणि खालच्या दोन काढून घेतल्या.

दोन. कीटकनाशकाच्या बाटलीवर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिविषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. त्याखाली बारीक अक्षरांत प्रमाण, काळजी, उतारा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसपेक्षा अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यामागे कारणे अनेक होती: पिकाची वाढलेली उंची, मिश्रणे, हातमोजे-मास्क नसणे, दुकानदाराचा सल्ला. सगळा दोष अक्षरओळख नसण्यावर टाकून कंपनीला आणि खात्याला मोकळे सोडायचे नाही. पण पाण्याचे हंडे वाहणारी, औषध कालवायला हात लावणारी, नंतर ते कपडे धुणारी बाई ते लेबल वाचू शकली असती, तर घरात एक माणूस तरी म्हणाले असते की आज वारा आहे, आज फवारू नका.

तीन. घरधनी गेला की वारस नोंद, फेरफार, सातबारा, सोसायटीचे कर्ज, पीक विमा हे सगळे त्याच बाईच्या अंगावर येते. कागद वाचता आला नाही की दलाल वाचून दाखवतो, आणि वाचनावळ घेतो. शिक्षणाचा खर्च आपण नाही म्हणालो, तरी अडाणीपणाचा खर्च भरतोच आहोत. फरक इतकाच की त्याची पावती मिळत नाही.

चार. तिला शिकायचे आहे. एवढे कारण पुरेसे आहे. तरण्या मुलाला आपण कधी विचारत नाही की बी.ए. करून काय करणार?

'भीक नको'चे काय?

आता आपल्यातलाच एक आक्षेप. चळवळीतले जुने कार्यकर्ते म्हणतील, 'भीक नको, हवे घामाचे दाम' असे म्हणत आपण रस्त्यावर बसलो. आता अनुदाने मागायला निघालो काय? शेतमालाला भाव द्या, घरात पैसा येईल, बाई आपोआप शिकेल.

भाव मिळाला पाहिजे, त्यात तडजोड नाही. पण भाव मिळाला म्हणजे बाई आपोआप शिकेल, हे मला पटत नाही. ज्या घरांत ऊस आहे, द्राक्ष आहे, पैसा आहे, तिथेही आजारी सासऱ्याची सेवा सुनेनेच करायची असते, आणि तिचे शिक्षण लग्नाच्या दिवशी जिथे थांबले तिथेच असते. घरात पैसा आला तरी तिचा दिवस तिच्या हातात येत नाही.

आणि मी मागतो आहे ती भीक नाही. म्हाताऱ्याची शी-मूत काढणे हे काम आहे. हेच काम रुग्णालयात केले तर पगार, शहरातल्या घरी जाऊन केले तर एजन्सीचा दर, आणि गावात सुनेने केले तर कर्तव्य! रुग्ण घरी सांभाळला जातो म्हणून सरकारचा खाटेचा, परिचारिकेचा, औषधाचा खर्च वाचतो. वाचलेला तो पैसा कोणाच्या घामाचा आहे? त्याचा लहानसा हिस्सा तिला शिकण्यासाठी परत मागणे म्हणजे घामाचेच दाम मागणे आहे. आपली घोषणा इथे अडसर होत नाही. इथे ती पहिल्यांदा घराच्या आत शिरते.

सरकारने हे तत्त्व याआधी मान्य केले आहे. रोजगार हमी ही महाराष्ट्राने देशाला दिलेली देणगी. १९७२ च्या दुष्काळात ती आकाराला आली, १९७७ चा कायदा आपल्याच विधिमंडळाचा. पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्याच्या परिशिष्टात लिहिले होते की कामावर आलेल्या बायांबरोबर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले असतील, तर त्यांतल्या एका बाईला मुले सांभाळायला नेमावे आणि तिला पूर्ण मजुरी द्यावी. मुले सांभाळणे हे माती खणण्याइतकेच मजुरीचे काम आहे, हे भारताच्या संसदेने कायद्यात लिहिले. कामाच्या जागी जे न्याय्य ठरले ते अभ्यासकेंद्राच्या दारात अन्याय्य कसे होईल? दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या कलम २४ मध्येही अधिक आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी सांभाळणाऱ्याच्या भत्त्याचा उल्लेख आहे. शब्द कायद्यात आला. तो बायांच्या हातात आणायचा आहे.

हे नवे नाही

१८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. रात्रीची का? दिवस त्यांचा नव्हता म्हणून. हंटर आयोगापुढे १८८२ साली निवेदन देताना जोतीरावांनी हेच मांडले, की सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या कष्टातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या पदरात पडतो. कर्मवीर भाऊरावांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि 'कमवा आणि शिका' सांगितले. गरिबाचा मुलगा कष्ट करून ताठ मानेने शिकला. पण ज्या बाईबद्दल आपण बोलतो आहोत ती पहाटेपासून कमावतेच आहे. तिचे कमावणे कोणी मोजत नाही, म्हणून तिचे शिकणे राहते.

साधने तर उभी आहेत. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघाले. राष्ट्रीय मुक्त विद्यालयही त्याच साली निघाले, आणि तिथे बायांना फीत सवलतही मिळते. मुक्त विद्यापीठाचे दार खरोखर मुक्त आहे. पण दारापर्यंतच्या वाटेवर रोज बुडतो, एस.टी.चे भाडे लागते, आणि मागे घरात कोणीतरी हाक मारत असते.

इतरांनी काय केले तेही पाहू. केरळने अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला सांभाळणाऱ्या माणसासाठी महिना ६०० रुपयांची 'आश्वासकिरणम्' नावाची योजना काढली. रक्कम तुटपुंजी आहे, पण सांभाळणाऱ्याला स्वतःचे नाव मिळाले. इंग्लंडमध्ये आठवड्याला ३५ तास सेवा करणाऱ्याला सरकारी भत्ता आहे, पण तिथेही एक मेख आहे: आठवड्याला २१ तास किंवा जास्त शिकायला गेलात की भत्ता बंद. शेजारच्या स्कॉटलंडने नोव्हेंबर २०२३ पासून आपला वेगळा भत्ता आणला आणि पूर्णवेळ शिकणाऱ्या बहुतेक सेवेकऱ्यांना त्यात घेतले. यातून आपण शिकायचे ते हे की मागणीचा शब्द नेमका हवा. नाहीतर सरकार एका हाताने सांभाळण्याचे देईल आणि शिकायला लागलात म्हणून दुसऱ्या हाताने काढून घेईल.

मागण्या

जिल्हा बैठकीने पुढील ठराव करावा, असे मी सुचवतो.

१. पंचवीस वर्षांवरील, कमी उत्पन्नाच्या, दहावी-बारावी, मुक्त विद्यापीठ किंवा कोणत्याही मान्य अभ्यासक्रमाला बसणाऱ्या माणसाला वर्षाला चाळीस दिवसांचा शिकण्याचा रोज मिळावा. दर रोजगार हमीच्या मजुरीचा. पैसे वर्ग आणि परीक्षेच्या हजेरीवर, खात्यात, त्याच महिन्यात. पुरुष असो की बाई, घरात कोणाला सांभाळत असेल तर त्याला अग्रक्रम.

२. वर्गाच्या आणि परीक्षेच्या दिवशी घरच्या रुग्णापाशी किंवा मुलांपाशी थांबणाऱ्या गावातल्याच बाईला त्याच दराने मजुरी मिळावी. प्रत्येक अभ्यासकेंद्रावर पाळणा असावा.

३. आधी भरा, मग परत देऊ, ही पद्धत बंद व्हावी. गरिबाची फी आधीच शून्य असावी. परताव्याची वाट बघायला ज्याच्यापाशी पैसे आहेत त्याला सवलतीची गरज नसते.

४. मदतीच्या योजनांतून वयाची आणि दूरस्थ शिक्षणाची आडकाठी काढावी. हा भत्ता मिळतो म्हणून निराधार, दिव्यांग किंवा अन्य कोणतीही मदत कापू नये.

५. माहेरच्या आणि सासरच्या नावातल्या फरकासाठी ग्रामपंचायतीपुढचे एक पानी स्वघोषणापत्र पुरेसे मानावे.

६. मोठ्यांसाठी परीक्षेचा एक हंगाम सुगी आणि पेरणी टाळून ठेवावा, आणि वर्ग तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी घ्यावेत. दुकानदारासाठी बाजाराची सुटी बघता येते, तर आमच्या बायांसाठी बाजाराचा दिवस बघायला काय हरकत आहे?

पैसा कुठून आणायचा, असे विचारतील. २०७ रुपयांत माणूस शिकवू म्हणणाऱ्यांनी आधी त्यांचा हिशेब मांडावा, मग आपण आपला मांडू. आपला हिशेब साधा आहे: एका बाईमागे वर्षाला १२,४८० रुपये शिकण्याचे, आणि तेवढेच, म्हणजे चाळीस दिवसांचेच, तिच्या जागी थांबणाऱ्या बाईचे. दोन्ही मिळून पंचवीस हजारांच्या आत. दोन्ही पैसे गावातच राहतात, गावच्याच दुकानात खर्च होतात.

शेवटी भावांनो, एक गोष्ट आपल्यापुरती. सरकारकडे मागताना आपला हात स्वच्छ हवा. पाहणीतला तो आकडा, पुरुषांची ८८ मिनिटे, हा मुंबई-दिल्लीचा नाही, त्यात आपणही आहोत. तिचा रोज सरकारने द्यावा म्हणून आपण मोर्चा काढणार, आणि परीक्षेच्या दिवशी आईला जेवू घालायचे काम आपल्याला जमत नाही म्हणून ती पेपर बुडवणार, हे चालायचे नाही. ठराव होईल तेव्हा होईल, शासन निर्णय निघेल तेव्हा निघेल. सतरा नंबरचे फॉर्म मात्र याच वर्षी निघणार आहेत.

म्हणून बैठकीहून परत जाताना प्रत्येक शाखेने आपल्या गावात शिकायला तयार असलेल्या बाया आणि पुरुष किती, याची यादी करावी. नाव, सुटलेली इयत्ता, घरात सांभाळावे लागणारे माणूस कोण, आणि त्या नऊ पेपरांच्या नऊ दिवशी त्या माणसापाशी बसणार कोण. शेवटच्या रकान्यात पुरुषांची नावे असावीत. ती यादी घेऊनच आपण जिल्हाधिकारी कार्यालयावर जाऊ. मग तिथे साहेबांनी योजना वाचायला सुरुवात केली, की आपण यादी वाचायला सुरुवात करू.